हाऊ कोना माणूस शे?

२०१५ साली महाराष्ट्र शासनाने परदेशात एक घर विकत घेतलं. लंडनच्या कॅम्डन भागात, प्रिमरोझ हिलजवळ, किंग हेन्रीज रोडवरचं दहा नंबरचं. बाबासाहेब आंबेडकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना, १९२१-२२ मध्ये, या घरात राहिले होते. घर विक्रीला निघालंय हे इंग्लंडमधल्या आंबेडकरी संघटनांनी हेरलं, पत्रं लिहिली, पिच्छा पुरवला. शेवटी तीस लाख पौंडांहून जास्त, म्हणजे तेव्हाच्या भावाने तीस कोटींच्या वर रुपये मोजून व्यवहार पुरा झाला. १४ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधानांनी उद्घाटन केलं. स्मारक सुरू झालं, लोक येऊ लागले.

आणि मग कॅम्डनच्या स्थानिक कौन्सिलने विचारलं, हे तर राहतं घर आहे, संग्रहालयाची परवानगी कुठाय?

आपल्याकडे शेतजमीन एनए न करता प्लॉट पाडले की जे होतं, त्याच जातीचा हा प्रश्न. इंग्लंडमध्ये प्रत्येक इमारतीचा वापर ठरलेला असतो. राहण्याचं घर एका वर्गात, संग्रहालय दुसऱ्या वर्गात. वर्ग बदलायचा तर कौन्सिलची मंजुरी लागते. ती मागितली गेली, तर २०१८ मध्ये कौन्सिलने नाकारली: लंडनमध्ये घरांची टंचाई, त्यात एक राहतं घर कमी होतं. शेजाऱ्यांपैकी काहींची गर्दीची आणि आवाजाची तक्रार होतीच. अपील झालं. सप्टेंबर २०१९ मध्ये सार्वजनिक चौकशी बसली. नियोजनतज्ज्ञ आले, बॅरिस्टर आले, आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटनच्या गृहनिर्माण खात्याच्या मंत्र्यांनी निरीक्षकाची शिफारस मानून परवानगी दिली. ताबा घेतल्यापासून तोवर चार वर्षांहून जास्त काळ गेला होता.

मालकी पक्की होती, पैसे चोख होते, मागे एक अख्खं राज्य सरकार होतं, तरीही गाडी अडली. परदेशातल्या घरखरेदीत किती प्रकारची माणसं लागतात आणि त्यातला प्रत्येक जण किती अरुंद पट्ट्यात काम करतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. मालकी तपासणारा वेगळा, भिंती तपासणारा वेगळा, वापराची परवानगी काढणारा त्याहून वेगळा. एकाच्या कामाचा विमा दुसऱ्याच्या कामाला लागू नाही.

हे सगळं चाळीसगावात बसून लिहायचं कारण साधं आहे. या तालुक्यातली मुलं पुण्यामार्गे लंडन, न्यू जर्सी, म्युनिक, दुबईला पोचली आणि आता तिथं भाड्याच्या घरातून हक्काच्या घरात जाऊ पाहतायत. घर तिकडे, पण बयाण्यातला एक हिस्सा बऱ्याचदा इकडून जातो. म्हणजे व्यवहाराची एक टोकाची कडी गिरणेच्या पाटावरच्या शेतात असते. खानदेशात कुठल्याही व्यवहारात मधला माणूस आला की म्हातारी माणसं आधी विचारतात, ‘हाऊ कोना माणूस शे?’ हा कोणाचा माणूस? पगार, दलाली, फी कोणाकडून घेतो? साऱ्या परदेशी कागदपत्रांत शिरताना हा एक अहिराणी प्रश्न हाताशी ठेवला तरी पुष्कळ उलगडतं.

इंग्लंडपासून सुरुवात करू. तिथला इस्टेट एजंट घर दाखवतो, गोड बोलतो, चहा विचारतो. तो विकणाऱ्याचा माणूस असतो. कमिशन विकणारा देतो, त्यामुळे जास्तीत जास्त किंमत मिळवून देणं हे त्याचं काम. आपल्याकडचा दलाल दोन्हीकडून एकेक टक्का घेतो आणि दोन्हीकडे आपणच तुमचे म्हणून सांगतो. निदान तिथं हे नाटक नाही. पण एक गोष्ट ऐकून आपली माणसं चकित होतात. इंग्लंडमध्ये इस्टेट एजंट व्हायला परवाना लागत नाही. १९७९ चा कायदा आहे, तक्रार निवारण योजनेत नाव नोंदवावं लागतं, खरेदीदाराने दिलेली प्रत्येक ऑफर मालकाला कळवावी लागते, पण परीक्षा-परवाना नाही.

मग कर्ज. मॉर्टगेज ब्रोकर तिथल्या वित्तीय नियामकाच्या नोंदीत असतो, नंबर टाकून तपासता येतो. काही ब्रोकर ठरावीक बँकांचीच कर्जं दाखवतात, काही साऱ्या बाजारातली. हे पहिल्याच भेटीत विचारायचं असतं आणि त्याला ते सांगावं लागतं.

त्यानंतर सर्व्हेयर. इथं फसगत फार होते. बँक घराचं मूल्यांकन करून घेते, त्याची फी कित्येकदा कर्जदाराच्या खिशातूनच जाते, म्हणून मुलाला वाटतं घराची तपासणी झाली. झालेली नसते. तो बँकेचा माणूस. कर्ज बुडालं तर घर विकून पैसे निघतील का, एवढंच तो बघतो. कधी कधी तर घराबाहेरूनच. छताची गळती, भिंतीतली ओल, खचलेला पाया हे बघायला स्वतःचा सर्व्हेयर लावावा लागतो, चार्टर्ड सर्व्हेयर्सच्या संस्थेतला. त्यांच्या तपासणीच्या तीन पातळ्या आहेत. जुन्या घराला तिसरी, सर्वांत खोल, घ्यावी. इंग्लंड-वेल्समध्ये डोळे उघडे ठेवून घ्या असा रोकडा कायदा आहे. ताबा घेतल्यावर ओल दिसली तर ती बहुतेक वेळा तुमची ओल.

आणि सगळ्यांत मोठा माणूस, सॉलिसिटर. किंवा लायसन्स्ड कन्व्हेयन्सर, जो फक्त मालमत्तेच्या हस्तांतराचं काम करतो; हा स्वतंत्र व्यवसाय १९८५ च्या कायद्याने उभा राहिला. हा मात्र पूर्णपणे तुमचा. आपल्या वकिलाचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, दस्तलेखकाचं खरेदीखत आणि नोंदणीच्या खेपा ही तिन्ही कामं तो एकटा करतो. कौन्सिलकडे चौकशी करतो, मलनिस्सारणाची, पुराची, रस्त्यांची माहिती काढतो, विकणाऱ्याच्या वकिलाला प्रश्नांची यादी पाठवतो. हे चालू असताना दोन-तीन महिने सहज जातात आणि तोवर कोणीच बांधलेलं नसतं. तोंडी सौदा झाला, भाव ठरला, पेढे वाटले, तरी करारांची अदलाबदल होईपर्यंत विकणारा दुसऱ्याकडून जास्त पैसे घेऊन मोकळा. आपल्याकडे इसार दिला की शब्द पक्का, निदान गावात तोंड दाखवायला जागा राहावी म्हणून तरी लोक पाळतात. तिथं अदलाबदलीच्या दिवशी साधारण दहा टक्के रक्कम भरली की मगच दोघेही अडकतात.

आता त्या दहा टक्क्यांचा उगम. इथं सॉलिसिटर आपल्याच अशिलाकडे संशयाने बघू लागतो, आणि व्यवहाराचं टोक चाळीसगावच्या दुय्यम निबंधक कार्यालयात येऊन टेकतं.

ब्रिटनच्या २०१७ च्या मनी लाँडरिंग नियमांनुसार पैसा कुठून आला हे वकिलाने तपासायचं असतं. समजा, आप्पांनी मुलासाठी चार एकर विकले. मुलाने सांगितलं, वडिलांनी दिले. वकील म्हणतो, वडिलांकडे कुठून आले? जमीन विकून. जमीन त्यांची होती याचा पुरावा? सातबारा. तो मराठीत, भाषांतर करून आणा, प्रमाणित करून. विक्रीचा पुरावा? खरेदीखत. पैसे बँकेत आल्याचा पुरावा? खातेउतारा. लेस्टरच्या एखाद्या ऑफिसात बसलेली मुलगी गट नंबर, फेरफार नोंद आणि खातेउताऱ्यातल्या तारखा जुळवून बघते. तलाठ्याने, ज्याचं पद आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, सातबाऱ्यावर नावात वेलांटी चुकवली असेल आणि पासपोर्टवर वेगळं स्पेलिंग असेल, तर तिकडून पत्र येतं. मग इथं प्रतिज्ञापत्र, नोटरी, राज्य शासनाची खातरजमा, आणि कागद परदेशात चालावा म्हणून परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, अपॉस्टील. भारत या अपॉस्टीलच्या आंतरराष्ट्रीय करारात २००५ मध्ये आला. त्याआधी एकेका कागदाला दूतावासाच्या वाऱ्या होत्या.

एवढं सगळं जमतं. जमत नाही ती गोष्ट दुसरीच. आपल्याकडे जमिनीला दोन भाव असतात: कागदावरचा आणि खरा. सौदा ऐंशी लाखांचा, खरेदीखत पंचेचाळीसचं, वरचे पस्तीस पिशवीत. सगळ्यांना माहीत असलेली आणि कोणीच न बोलणारी ही रीत. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो असा आयकराचा नियम २०१५ पासून आहे, तरी पिशवी चालूच आहे. पण लेस्टरच्या त्या मुलीला पिशवी दिसत नाही. तिच्या लेखी आप्पांनी जमीन पंचेचाळीस लाखांना विकली, विषय संपला. उरलेले पस्तीस लाख या घरापुरते मातीमोल. घर घ्यायचं ठरलं तेव्हा कोणी जमिनीच्या सौद्याआधीच हे सांगितलं असतं तर आप्पांनी पूर्ण रक्कम चेकने मागितली असती. हे सांगणारा माणूस बाजारात नसतो. दलालाला पिशवीच सोयीची, आणि दस्तलेखकाला कोणी विचारत नाही.

चेकने घ्यायला भीती वाटते ती कराची, आणि ती पुष्कळदा फुकाची. ग्रामीण शेतजमीन आयकराच्या लेखी भांडवली मालमत्ताच नव्हे, तिच्या नफ्यावर कर नाही. ग्रामीण कोणती, हे जवळच्या नगरपालिकेच्या लोकसंख्येवर ठरतं. दहा हजार ते एक लाख वस्ती असेल तर हद्दीपासून सरळ रेषेत दोन किलोमीटरपलीकडची जमीन ग्रामीण. एक लाख ते दहा लाख असेल तर सहा किलोमीटरपलीकडची. चाळीसगाव शहर २०११ च्या जनगणनेत लाखाच्या थोडंसंच आत राहिलं. पुढच्या जनगणनेत ते लाख ओलांडेल असं मला वाटतं. तसं झालं तर आज करमुक्त असलेल्या कित्येक शिवारांवर कर लागेल. परदेशात घर घेणाऱ्याला लागणारा पहिला व्यावसायिक म्हणून मी चाळीसगावातल्याच चांगल्या सीएचं नाव घेईन, लंडनच्या एजंटचं नव्हे.

कारण पुढची पायरीही त्याच्याच टेबलावरून जाते. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत इथं राहणाऱ्या माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. २००४ मध्ये ही योजना आली तेव्हा मर्यादा पंचवीस हजार होती. पण दहा लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक वीस टक्के कर आधीच गोळा करते. ऐंशी लाख पाठवायचे तर सत्तर लाखांवर चौदा लाख वेगळे काढून ठेवावे लागतात. हा खर्च नव्हे, विवरणपत्र भरलं की परत मिळतो. पण ज्या शेतकऱ्याने आयुष्यात विवरणपत्र भरलं नाही त्याचे चौदा लाख काही महिने अडकतात, आणि तिकडे तारीख ठरलेली असते.

मग येतो तो कागद, ज्यावर सही करताना आप्पांचा हात थांबतो. ब्रिटिश बँक आणि वकील भेट म्हणून दिलेल्या रकमेसाठी पत्र मागतात: ही रक्कम देणगी आहे, कर्ज नाही, परत मागणार नाही, आणि या घरात माझा कोणताही हक्क राहणार नाही. बँकेची बाजू सरळ आहे. उद्या कर्ज थकलं तर घरावर आणखी कोणी दावेदार नको. आप्पांची बाजू सरळ नाही. जमीन वडिलोपार्जित, तीत दुसऱ्या मुलाचा वाटा, मुलीचाही. विकताना सगळ्यांच्या सह्या घेतल्या, पैसे मात्र एकाच्या घरात गेले, आणि आता बापच लिहून देतोय की त्या घराशी माझा संबंध नाही. गावात राहिलेला भाऊ हे विसरत नाही. या जागी कोणताही परदेशी व्यावसायिक कामाचा नाही. दिवाणी वकील मात्र आहे: जमीन विकण्याआधीच नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा हक्कसोड करून प्रत्येकाचा हिस्सा वेगळा करावा, आणि ज्याचा पैसा त्यानेच द्यावा. खर्च थोडा होतो. भाऊबंदकीचे दावे किती वर्षं चालतात हे चाळीसगावच्या कोर्टाच्या आवारात कोणीही सांगेल.

मुलगा स्वतःच परदेशी रहिवासी असेल आणि जमीन वारशाने त्याच्याच नावावर आली असेल, तर वाट निराळी. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने आलेली ठेवता आणि विकता येते. पैसे एनआरओ खात्यात जमा होतात, तिथून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात. सहीसाठी येणं जमत नसेल तर तो तिकडून मुखत्यारपत्र पाठवतो. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्यावं लागतं.

जर्मनीत चित्र पालटतं. तिथं ‘हा कोणाचा माणूस’ याचं उत्तर ‘कोणाचाच नाही’ असं येतं. घराचा करार नोटारशिवाय वैधच नाही, आणि हा नोटार म्हणजे कोर्टाबाहेर टेबल टाकून शिक्का मारणारा आपला नोटरी नव्हे. सरकारने नेमलेला, दोन्ही बाजूंना समान, कायद्याने फी ठरवून दिलेला कायदेपंडित. करार तो दोघांसमोर मोठ्याने वाचतो, अक्षरन् अक्षर. सामान्य ग्राहकाला मसुदा साधारण दोन आठवडे आधी मिळायला हवा. खरेदीदाराला जर्मन पुरेसं येत नसेल तर दुभाषा बसवावा लागतो. तटस्थ असल्यामुळे तो ‘भाव जास्त लागतोय’ असं मात्र सांगणार नाही. ते सांगायला तुमचा वेगळा वकील. दलालीबाबत डिसेंबर २०२० पासून नियम असा, की विकणाऱ्याने आणलेल्या दलालाचा अर्ध्याहून जास्त बोजा खरेदीदारावर टाकता येत नाही. हस्तांतर कर राज्यागणिक साडेतीन ते साडेसहा टक्के, आणि त्यासाठी बँक सहसा कर्ज देत नाही.

अमेरिकेत खरेदीदाराचा स्वतःचा एजंट असतो. ऑगस्ट २०२४ पासून घर बघायला जाण्याआधीच त्याच्याशी लेखी करार करावा लागतो, त्यात त्याचा मोबदला लिहिलेला. होम इन्स्पेक्टर वेगळा, मालकीहक्काचा विमा देणारी टायटल कंपनी वेगळी. न्यू जर्सीत, जिथं मराठी घरांची दाट वस्ती आहे, एजंटने केलेल्या करारावर वकिलाने नजर टाकायला कामाचे तीन दिवस मिळतात. त्यात वकील करार मोडू शकतो.

तिथं आपल्या लोकांचा हटकून एक प्रश्न असतो: ‘त्या कॉलनीत आपली माणसं आहेत का?’ एजंट गप्प बसतो. तो उद्धट नसतो. १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने वंश, रंग, धर्म, मूळ देश बघून गिऱ्हाइकाला एखाद्या वस्तीकडे वळवणं किंवा तिथून दूर ठेवणं बेकायदा ठरवलंय. उत्तर दिलं तर त्याचा परवाना धोक्यात.

ज्याचा धंदा आहे त्याने माणूस बघून सेवा नाकारायची नाही, हा नियम. चाळीसगावला त्याचा इतिहास आहे. १९२९ मध्ये अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या मुंबई सरकारच्या समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब खानदेशात आले होते. धुळे मार्गावरच्या एका गावातल्या बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगाव स्टेशनवर परतले. त्यांना वस्तीवर न्यायला लोक जमले होते, स्टेशनबाहेर टांगेही होते. पण एकही टांगेवाला हाकायला तयार नव्हता. शेवटी तडजोड निघाली: टांगा दिला, हाकणारा दिला नाही. वस्तीतल्याच एकाने लगाम धरला, ज्याने कधी टांगा हाकला नव्हता. नदीवरच्या फरशीशी घोडा उधळला, चाक दगडावर आदळलं, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पायाचं हाड मोडलं. घोडा आणि टांगा नदीत. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या टिपणांत त्यांनी हे स्वतः लिहिलंय. लंडनच्या ज्या घरासाठी शासनाने तीस कोटी मोजले त्यातून बाहेर पडून त्यांना तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती. आजही आपल्या शहरांतले घरांचे दलाल पहिला प्रश्न आडनावाचा करतात, आणि त्यासाठी कोणाचा परवाना जात नाही.

दुबईची गोष्ट थोडक्यात, कारण तिथली जाहिरात आपल्याकडे आपण होऊन येते. पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत प्रदर्शनं भरतात, प्लॅस्टिकची प्रतिकृती, गोल्डन व्हिसाचं आमिष. दुबई लँड डिपार्टमेंटची फी चार टक्के. बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पाचे पैसे २००७ च्या कायद्याने वेगळ्या एस्क्रो खात्यातच जायला हवेत. दलालाचा नोंदणी क्रमांक आणि एस्क्रो खात्याचा क्रमांक, दोन्ही मागावे. तिथं समोर बसलेला माणूस बहुधा बिल्डरचा असतो. आणि इथं राहणाऱ्या माणसाने स्वतःच्या नावावर घेतलं तर आयकर विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ते लिहावंच लागतं. न लिहिल्यास २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली दहा लाखांचा दंड होऊ शकतो. काही देशांत तर कोणताच व्यावसायिक उपयोगाचा नाही. कॅनडाने २०२३ पासून परकीयांना घरं घेण्यावर बंदी घातली आणि ती पुढे वाढवली. ऑस्ट्रेलियाने एप्रिल २०२५ पासून दोन वर्षांसाठी जुनी घरं परकीयांना बंद केली. जिथं बंदी नाही तिथं जादा कर: सिंगापूरमध्ये परकीयाला साठ टक्के जादा मुद्रांक शुल्क. इंग्लंडमध्ये अनिवासी खरेदीदाराला दोन टक्के जादा, २०२१ पासून.

एक सावधगिरी सगळ्या देशांना लागू. व्यवहाराच्या शेवटच्या आठवड्यात वकिलाच्या नावाने ईमेल येतो की आमचं बँक खातं बदललंय, पैसे नव्या खात्यात टाका. ईमेल चोराने पाठवलेला असतो. पैसे गेले की परत मिळणं फार अवघड. आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून खातं तपासून घ्यावं, आप्पांनी चाळीसगावातून पैसे सोडण्याआधीही.

व्यवहार पुरा झाला की सॉलिसिटर चौदा दिवसांत मुद्रांक कराचं विवरण भरतो आणि लँड रजिस्ट्रीत नाव लावतो. आप्पा विचारतात, खरेदीखताची प्रत कधी येणार? पूर्वीसारखं शिक्क्याचं मालकीपत्र येत नाही. इंग्लंडमध्ये २००३ पासून संगणकातली नोंद हीच मालकी. ती कोणालाही बघता येते. सात पौंड भरले की घराचा मालक कोण, बोजा कोणत्या बँकेचा, आणि बहुतेक वेळा घर केवढ्याला घेतलं तो आकडाही छापून मिळतो. चाळीसगावात बसूनसुद्धा. म्हणजे मुलाने किती मोजले, हे भाऊबंदांना विचारावं लागत नाही.